शेठ दिवसातून चार वेळा प्लॅन मोडतात, काम करायचं तरी कसं?

गुरुवारची_सुट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण कुणाला सांगू कळत नाहीये म्हणून इथे लिहितोय.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, वय २९. आधी चार वर्षं एका मोठ्या कंपनीत प्लॅनिंगला होतो, आता दीड वर्ष झालं भोसरी एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट ऑर्डरप्रमाणे बनवून देणारं छोटं वर्कशॉप) प्रॉडक्शन बघतो. तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), दोन टर्निंग सेंटर (तसेच लेथ), एक जुनं रेडियल ड्रिल आणि सगळी मिळून १९ माणसं. शेठ अठ्ठावन्न वर्षांचे. स्वतः लेथवर उभे राहून वर आलेला माणूस, हातात जॉब, म्हणजे बनत असलेला पार्ट, घेतला की डोळ्यानेच सांगतात बोअर (आतलं भोक) टाइट आहे म्हणून, आणि मायक्रोमीटर लावला की खरंच टाइट निघतं. म्हणजे माणूस चांगला आहे, कामाचा आहे, पगार वेळेवर देतो. हे आधीच सांगतो, नाहीतर सगळे म्हणाल सोडून दे.

प्रॉब्लेम असा की मी सकाळी आठला दिवसाचा प्लॅन करतो. एक्सेलमध्ये, मशीनवाइज, शिफ्टवाइज, कुठला जॉब कधी संपणार, पुढची सेटिंग (मशीन पुढच्या जॉबसाठी तयार करणं) किती वाजता, आणि ग्रुपवर टाकतो. शेठचा त्यावर अंगठा येतो. बास, तो अंगठा आला की समजायचं प्लॅन मेला. दहा वाजता त्यांचा फोन वाजतो, पार्टी असते, आणि ते शेडच्या त्या टोकावरून ओरडतात "अरे इंजिनिअर, ते काढ आणि हे लाव". मी काही बोललो तर ठरलेलं वाक्य, "प्लॅन प्लॅन काय करतोस, आपण काय रेल्वे आहे का?"

मागच्या मंगळवारचंच सांगतो. २४० हाउसिंगचा लॉट चालू होता, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला, ११ मिनिटं, १३२ झाले होते. बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळा लॉट बाहेर पडला असता आणि गुरुवारची सुट्टी डोक्याला ताप नसताना मिळाली असती. साडेतीनला शेठ आले, हातात एक ड्रॉइंग, घडी घालून घालून मऊ पडलेलं, म्हणे १५ ब्रॅकेट आत्ता लाव, पार्टीची लाइन थांबलीये. म्हणलं साहेब १०८ राहिलेत, उद्या संध्याकाळी लावतो. नाही म्हणजे नाही. सेटरने (मशीनची सेटिंग करणारा) हाउसिंगचं फिक्स्चर (जॉब घट्ट धरून ठेवणारी चौकट) उतरवलं, ब्रॅकेटची सेटिंग पावणेदोन तास, मग १५ नग, मग परत हाउसिंगचं फिक्स्चर चढवलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आमचा इन्स्पेक्शनवाला सातला जातो. फर्स्ट पीस, म्हणजे सेटिंगनंतरचा पहिला नग, ऑपरेटरनेच बघितला, घाईत बोअर बघितला पण बोअरची पोझिशन नाही बघितली, आणि सहा नगांचे बोअर जागेवरून ४० मायक्रॉनने सरकले. कास्टिंग पार्टीचं, फ्री इश्यू (त्यांनीच फुकट दिलेला माल), म्हणजे डेबिट नोट (नुकसान आमच्या बिलातून कापल्याचा कागद) आलीच. बुधवारी सकाळी शेठ त्या सहा नगांकडे बघून मला विचारतात, "तुझ्या प्लॅनमध्ये रिजेक्शन लिहिलं होतं का?" सगळ्या पोरांसमोर.

आणि ते १५ ब्रॅकेट? बुधवारी दिवसभर डिस्पॅचच्या रॅकवर. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी रॅकवर. शनिवारी दुपारी पार्टीचा मुलगा ॲक्टिव्हावर आला आणि पायाजवळ ठेवून घेऊन गेला.

मी हिशोब काढला, गेल्या महिन्यात चालू जॉब मोडून दुसरा लावायचं ११ वेळा झालं. दर वेळी दोन सेटिंग धरल्या तर साडेतीन तास, म्हणजे ३८ तासांच्या वर मशीन नुसतं उभं. हा आकडा शेठना दाखवला तर म्हणाले तू मोजत बसतोस म्हणूनच उशीर होतो.

मला प्रामाणिक सल्ला हवाय. मी मोठ्या कंपनीच्या सवयी घेऊन आलोय आणि इथे त्या चालत नाहीत असं आहे का? का हे असं सगळीकडेच असतं आणि कुणी यातून काही मार्ग काढलाय?

---

पगारदार

सोडा. बदलत नसतात हो ही माणसं. मी असल्याच एका शेठकडे सहा वर्षं काढली, शेवटी बीपीची गोळी सुरू झाली. चाकणला प्लॅनिंगवाल्यांना मागणी आहे, रेझ्युमे बाहेर काढा.

---

गुरुवारची_सुट्टी

@पगारदार सोडणं हा पर्याय डोक्यात आहेच, पण खरं सांगू का, इथे दीड वर्षात जे शिकलो ते आधीच्या चार वर्षांत नाही शिकलो. तिकडे मी फक्त शीट भरत होतो.

---

शिरोलीचा_कारखानदार

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. कोल्हापूरला शिरोलीत माझं छोटं युनिट हाय, तुमच्या शेठएवढंच समजा. तुमचं लिहिलेलं वाचून हसू पण आलं आणि जरा लागलं पण, कारण "ते काढ आणि हे लाव" हे वाक्य मी आज सकाळीच बोललोय.

आता शेठच्या बाजूनं बघा. तुम्हाला मशीन दिसतं, त्याला फोन दिसतो. परचेसवाल्याचा फोन आला की तो काय १५ ब्रॅकेट मागत नसतो वो, तो बघत असतो की हा माणूस अडीनडीला उभा राहतो का नाही. पुढच्या महिन्यात २००० नगांची चौकशी निघते तेव्हा पहिला फोन कुणाला करायचा ते त्या १५ नगांवर ठरतं. आणि पेमेंट! छोट्या उद्योगांचा कायदा २००६ चा हाय, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे म्हणून, आता तर इन्कम टॅक्समध्ये पण घातलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत नाही भरलं तर त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही. सगळं कागदावर झकास. पण सरकारच्या पोर्टलवर थकलेल्या बिलाची तक्रार घालायची म्हणजे त्या पार्टीला कायमचा रामराम, कोण घालतंय? मग पैसे कसे सुटतात? त्याचं अर्जंट काम वेळेत दिलं की त्याच फोनवर हळूच म्हणायचं, साहेब तेवढं मार्चचं बिल बघा की. हे तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमात बसतंय सांगा.

पण चूक शेठची पण हाय. ब्रॅकेट चार दिवस पडून राहिले म्हणजे लाइन थांबलीच नव्हती, परचेसवाल्यानं नुसता बार उडवला. "गाडी कधी पाठवताय?" एवढं एक विचारायचं. गाडीची वेळ सांगितली तर खरं अर्जंट, नाही सांगितली तर उद्या. मला हे कळायला पंधरा वर्षं गेली.

आणि एक, पोरांसमोर त्याच्याशी वाद घालू नका. तिथं तो हरूच शकत नाही, हरला तर शेडमध्ये त्याचं काय राहिलं? सकाळी फोन सुरू व्हायच्या आधी चहा घेऊन जा, आणि तास सांगू नका, रुपये सांगा. ३८ तास म्हणलं की त्याला वाटतं पोरगं तक्रार करतंय. तासाचा रेट लावून सांगा, मग बघा चहा खाली ठेवतो का नाही.

---

गुरुवारची_सुट्टी

@शिरोलीचा_कारखानदार गाडीचं डोक्यातच नव्हतं आलं, खरंच. आणि रुपयांत केलं आत्ता बसून, आम्ही व्हीएमसीचा तासाला ४५० धरतो, म्हणजे महिन्याचे १७ हजारांच्या वर, डेबिट नोट वेगळी.

---

नाईट_सेटर

सर मी सेटर आहे, तळेगावला, आठ वर्षं झाली. लिहायची सवय नाही चुकलं तर समजून घ्या. तुमचं शेठशी जे चाललंय ते बरोबर असंल पण एक विचारायचं होतं, त्या दिवशी फिक्स्चर उतरवलंच कशाला? तुम्ही लिहिलंय सेटरने उतरवलं. तुम्ही सांगितलं का शेठनी सांगितलं का त्याने आपल्या मनानं?

हाउसिंग केवढं आहे ते माहीत नाही पण व्हीएमसीचा बेड हजार मिलीमीटरच्या आसपास असंल तर एका कडेला हाउसिंगचं फिक्स्चर तसंच ठेवायचं, दुसऱ्या कडेला व्हाइस (शिकंजा) लावून ब्रॅकेट मारायचे. हाउसिंगचा झिरो (मशीन जिथून मोजतं तो बिंदू) कंट्रोलमध्ये जी ५४ या नावाने साठवलेला आहे तो तसाच राहतो, ब्रॅकेटचा जी ५५ ला घ्यायचा. ब्रॅकेट संपले की परत हाउसिंगचा प्रोग्रॅम कॉल करायचा, डायल लावून परत जागा जुळवायचं काम नाही, चाळीस मायक्रॉन सरकायचं काम नाही. एकदा प्रोबने किंवा डायलने बोअरचं सेंटर तपासून बघायचं, पाच मिनिटं. आम्ही नेहमी असंच करतो, कारण आमचे शेठ पण तुमच्या शेठचे भाऊच आहेत.

राग मानू नका पण तुम्ही लोक एसीत बसून एक्सेल करता आणि शेठ फोनवर बोलतात, तुमचं दोघांचं जमत नाही आणि रात्री दहाला फिक्स्चर उचलायचं काम आमच्याकडं येतं. चाळीस किलोचं असतं ते. सेटरला एकदा पण विचारत नाही कुणी की बाबा हे कसं बसवता येईल. आमच्याकडे प्लॅन ग्रुपवर येतो, ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगचे पन्नास मेसेज असतात त्यात तो खाली जातो आणि मशीनवर मोबाइल वापरायचा नाही अशी पाटी पण तुम्हीच लावलेली असते.

---

गुरुवारची_सुट्टी

@नाईट_सेटर दादा, एसी नाहीये आमच्याकडे, पंखा पण कॉम्प्रेसरच्या आवाजात लावला काय न लावला काय :) पण बाकीचं लागलं. मीच सांगितलं होतं उतरव म्हणून. म्हणजे शेठवर चिडलो होतो आणि सेटरला म्हणलं "काढ सगळं, होऊ दे त्यांच्या मनासारखं". आता लिहिताना लाज वाटतेय. बेड हजाराचाच आहे. हाउसिंगचं फिक्स्चर ४५० मध्ये बसतं. आणि हो, मोबाइलची पाटी मीच लावलीये.

---

कांबान_काकू

उशिरा येतेय धाग्यावर. मी एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत वीस वर्षं प्लॅनिंगमध्येच काढली, आता लहान युनिटवाल्यांना शिकवायला जाते. सेटर भाऊंनी जे सांगितलं त्याला मोठ्या कंपन्यांत भारी नाव आहे, पैसे घेऊन शिकवतात ते. जपानमध्ये शिगेओ शिंगो म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी टोयोटात १००० टनी प्रेसची डाय (साचा) बदलायला लागणारा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, १९६९ च्या सुमाराची गोष्ट. युक्ती काय, तर मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम वेगळं काढायचं आणि मशीन चालू असताना करता येईल ते आधीच करून ठेवायचं. टूल होल्डरमध्ये लावून लांबी मोजून ट्रॉलीवर तयार, सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) आधीच बोअर केलेले, बोल्ट सगळे एका मापाचे म्हणजे पान्हा शोधायला नको. तुमच्या त्या पावणेदोन तासांत प्रत्यक्ष सेटिंग किती आणि ॲलन की शोधणं किती, एकदा घड्याळ लावून बघा. मी पैज लावते, अर्धा वेळ शोधाशोध निघेल. पण सेटरच्या डोक्यावर स्टॉपवॉच घेऊन उभं राहू नका हं, त्याच्याच हातात द्या.

आता प्लॅनचं. बाळा, तू मोठ्या कंपनीतून आलास, तिथे शेड्यूल वरून येतं आणि महिनाभर बऱ्यापैकी टिकतं. जॉब शॉपचा धंदाच अर्जंटवर चालतो, तिथे शंभर टक्के मशीन भरलेला प्लॅन म्हणजे मोडायलाच केलेला प्लॅन. तीनपैकी एका व्हीएमसीवर रोज दुपारचे दोन तास मोकळे सोड, नावच दे शेठचे दोन तास. अर्जंट नाही आलं तर डीबरिंगचं (पार्टच्या खरखरीत कडा घासायचं) राहिलेलं कर, मशीन पूस, काहीही कर.

आणि एक्सेल बंद कर असं म्हणत नाही, पण ते तुझ्यासाठी ठेव. शेडमध्ये मशीनच्या मधोमध मोठा फळा लाव. प्रत्येक मशीनला एक रांग, प्रत्येक जॉबचं एक मॅग्नेटचं कार्ड, पार्टीचं नाव, नग, कधी द्यायचं. जागा मोजकीच ठेव, चार म्हणजे चार. शेठना पाचवं लावायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने एक उचलून खाली ठेवायचं. तू नाही म्हणायचंच नाही. तू फक्त विचारायचं, साहेब लावतो की, यातलं कुठलं उचलू? तुझ्या मोबाइलवर अंगठा द्यायला काही जात नाही, पण भारतातल्या कुठल्याही शेठला मोठ्या पार्टीचं कार्ड सगळ्यांदेखत खाली ठेवताना हात जड होतो.

---

पगारदार

काकू फळ्याने काही होत नाही, आमच्याकडे पण होता. आठ दिवसांनी त्यावर कुणीतरी आयपीएलचा पॉइंट टेबल काढला.

---

कांबान_काकू

@पगारदार मग निदान रोज अपडेट तरी होत होता ना :)

---

हिशोबनीस_ताई

माझं उलटं आहे म्हणून लिहिते, विषय सोडून वाटलं तर सांगा. मी ठाण्यात टॅक्सच्या ऑफिसात आहे, चौदा वर्षं. आमच्या जुन्या सरांचा मुलगा आता बसतो, तो सगळं सिस्टीमने करतो. प्रत्येक क्लायंटचं स्टेटस शीटमध्ये दिवसातून दोनदा भरायचं, सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने मीटिंग, संध्याकाळी काय केलं त्याचा मेसेज. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (दोन्ही जीएसटीची रिटर्न), ७ ला टीडीएस, या तारखा माझ्या हाडात आहेत, मला शीट कशाला? २० तारखेला संध्याकाळी पोर्टल गोल गोल फिरत असतं, क्लायंट चलनाचे पैसे भरत नाही, आणि हा केबिनमधून विचारतो ताई कॉलम एच रिकामा का.

पण तुमचा प्रश्न वाचल्यावर जाणवलं की त्याला माझ्या डोक्यातलं काही दिसत नाही म्हणून तो शीट मागतो, आणि तुमच्या शेठना तुमच्या शीटमधलं काही दिसत नाही म्हणून ते ओरडतात. मी मार्चमध्ये आजारी पडले तेव्हा कुणाचं काय राहिलंय हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना, दोन रिटर्नला लेट फी बसली, दिवसाला ५० रुपये, पोरगा मला एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून कॉलम एच भरते मी. संध्याकाळचा मेसेज मात्र अजून नाही पाठवत, तेवढं चालतं त्याला.

---

गुरुवारची_सुट्टी (अपडेट, तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, काही जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहितोय.

चहा घेऊन गेलो पावणेआठला. १७ हजार म्हणलं तर शेठ काही बोलले नाहीत, चहा पण खाली नाही ठेवला, पूर्ण प्यायले. मग म्हणाले डेबिट नोट धरलीस का यात? म्हणलं नाही. म्हणे धर आणि परत सांग. एवढंच. मी बाहेर आलो, वाटलं गेलं पाण्यात. दुपारी कुणाचा तरी फोन आला आणि शेडच्या त्या टोकावरून ऐकू आलं, "गाडी किती वाजता पाठवताय बोला." मी आणि इन्स्पेक्शनवाला एकमेकांकडे बघत राहिलो, कारण हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, विसरलो होतो सांगायचं! त्यांचं त्यांनाच सुचलं का तेही हा धागा वाचतात, देव जाणे. वाचत असाल तर साहेब नमस्कार.

सेटरला सॉरी म्हणलं. त्याला आधी कळलंच नाही कशाबद्दल. मग बेडवर दोन फिक्स्चरचं विचारलं तर म्हणाला, मी आलो त्याच्या पहिल्या महिन्यात त्याने हे सुचवलं होतं आणि मी "नंतर बघू" म्हणालो होतो. मला अजिबात आठवत नाहीये. आता दोन व्हीएमसीवर हे चालू आहे, तिसऱ्यावर जॉब मोठे असतात, तिथे नाही जमत. पावणेदोन तासांचे ५० मिनिटं झालेत, काकू पैज जिंकल्या, शोधाशोधच होती निम्मी. एक ॲलन की तर चक्क स्वच्छतागृहाच्या कडीला लावलेली सापडली.

सगळं गोड झालंय असं मात्र नाही. शेठचे दोन तास शेठनी पहिल्याच आठवड्यात रेग्युलर कामाला वापरून टाकले, म्हणे रिकामं मशीन बघवत नाही. परवा गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसातला फोन, उद्या पहिलं काय लावणार. आणि फळ्यावर त्यांनी पाचवं कार्ड चिकटवलं, उचलून काही ठेवलं नाही, चार जागांच्या वर जी मोकळी पट्टी होती तिथे. आता त्या पट्टीवर तीन कार्डं आहेत आणि पोरं तिला बाल्कनी म्हणतात.

---

नाईट_सेटर

बाल्कनी लय भारी सर. आमच्याकडं पण लावायचा म्हणतोय, फळा कुठला घेतला आणि केवढ्याला पडला?

---

गुरुवारची_सुट्टी

@नाईट_सेटर चार बाय तीनचा पांढरा मॅग्नेटवाला घेतला, मॅग्नेट वेगळे घ्यावे लागतात. किंमत नाही सांगता येत, बिल शेठनी खिशात घातलं ते घातलं. आणि मार्कर दोरीने बांधा, आमचे पहिल्या दोन दिवसांत तिन्ही गेले.